चर्चमधल्या 'ध्यानप्रार्थने'वरची टीका : नेमकी कुठे लागू पडते, कुठे नाही

दीपस्तंभ

'चर्चमध्ये योग घुसला' या एका वाक्यावर ही चर्चा बहुतेक ठिकाणी अडकते. टीका करणारे त्यापुढे जात नाहीत आणि बचाव करणारे 'ही तर आमचीच प्राचीन परंपरा' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्ष बसल्यावर माणसाला काय करायला सांगतात, ते कुणी मांडतच नाही. म्हणून एकच पद्धत घेऊन धागा काढतोय : सेंटरिंग प्रेयर, म्हणजे एका शब्दाच्या आधाराने मौनात बसण्याची ख्रिस्ती पद्धत.

ही घडली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर गावच्या सेंट जोसेफ या ट्रॅपिस्ट (मौनाला महत्त्व देणाऱ्या कॅथलिक संन्याशांच्या) मठात, १९७०च्या दशकात. तिघांची नावं घ्यावी लागतात : विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि १९६१ ते १९८१ मठाधिपती असलेले थॉमस कीटिंग. तरुण कॅथलिक मुलं पूर्वेकडच्या गुरूंकडे जात होती. त्यांना आपल्याच घरातलं काही देता यावं, हा उद्देश. १९७४ मध्ये मेनिंजर यांनी 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या चौदाव्या शतकातल्या निनावी इंग्रजी ग्रंथावरून शिकवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये प्रसारासाठी कॉन्टेम्प्लेटिव्ह आउटरीच ही संस्था निघाली.

पद्धत चार टप्प्यांची.

१. एक छोटा शब्द निवडायचा : अब्बा, येशू, प्रेम, शांती, काहीही. देव आत उपस्थित आहे आणि काम करतो आहे, याला आपली संमती आहे, एवढीच त्या शब्दाची खूण. बैठकीच्या मध्येच तो बदलायचा नाही.
२. डोळे मिटून आरामात बसायचं, क्षणभर स्थिरावलं की शब्द मनात आणायचा.
३. आपण विचारात गुंतलोय हे लक्षात आलं की हलकेच शब्दाकडे परतायचं.
४. शेवटी दोनेक मिनिटं तसंच शांत राहायचं.

किमान २० मिनिटं, दिवसातून दोनदा.

सगळी मेख तिसऱ्या टप्प्यात आहे. इथे 'विचार' या शब्दात शरीराच्या संवेदना, भावना, प्रतिमा, आठवणी, बेत, चिंतन आणि आध्यात्मिक अनुभव असं सगळं येतं. म्हणजे त्या २० मिनिटांत शास्त्रातलं एखादं वचन मनात आलं, क्रूसावरचा ख्रिस्त डोळ्यांपुढे आला, तरी तोही 'विचार'. त्यालाही सोडून द्यायचं. माझ्या मते टीका इथे खरी लागू पडते, आणि ती पूर्वेकडून काय आलं यावर अजिबात अवलंबून नाही. ज्या ग्रंथाचा आधार घेतला, तो ग्रंथ काय म्हणतो ते बघा.

'क्लाउड'चा लेखक प्रस्तावनेतच बजावतो की हे पुस्तक वाटेल त्याच्या हाती देऊ नका. २८व्या अध्यायात अट येते : आधी चर्चच्या नियमाप्रमाणे पापनिवेदन करून विवेक शुद्ध केलेला हवा. ३५व्या अध्यायात तो सांगतो की वाचन, मनन आणि प्रार्थना या तिन्हींशिवाय नवख्याला पुढे जाता येत नाही. आणि शब्द? तिथे एकाक्षरी शब्द हा ढाल आणि भाला आहे, वरच्या, म्हणजे देव आणि माणूस यांच्यामधल्या न-जाणिवेच्या ढगावर आदळायचा. प्रेमाची ओढ बाणासारखी सुटली पाहिजे. कीटिंग मात्र शिकवतात की शब्द कापसावर पीस ठेवावं तसा ठेवा. भाल्याचं पीस झालं की मनाची दिशाही बदलते : तिथे माणूस देवाकडे झेपावतो, इथे फक्त सैल होतो.

दुसरी कसोटी सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत, क्रूसाचे योहान यांची. विचारपूर्वक मनन कधी सोडायचं याच्या तीन खुणा ते देतात : मनन करायला जावं तर जमत नाही आणि त्यात रस उरत नाही; दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर मन लावावं अशी इच्छाही होत नाही; आणि देवाकडे प्रेमाने लक्ष लावून नुसतं एकटं राहावंसं वाटतं. तिन्ही एकदम दिसल्या पाहिजेत. पहिली एकटीच दिसली तर तो आळस असेल, असंही ते बजावतात. कार्यशाळेला आलेल्या नवख्या माणसाला या तीन खुणा कोण विचारतो?

संस्थेची बाजूही सांगायला हवी. ही पद्धत म्हणजेच चिंतन (शब्द-विचारांपलीकडची, देवाने दिलेली प्रार्थना) असा त्यांचा दावा नाही, ती चिंतनाची पूर्वतयारी आहे असं ते म्हणतात. इतर प्रार्थना सोडा असंही सांगत नाहीत, शास्त्रवाचन सोबत ठेवायला सांगतात. पण शिडीची खालची पायरी 'सोबत ठेवा' म्हणणं आणि तिच्यावर पाय न ठेवता वर जाता येत नाही म्हणणं, यात फरक आहे.

गवाक्ष

उत्तम सुरुवात. एक भर आणि एक सावधगिरी.

२० मिनिटं, दिवसातून दोनदा हे माप ट्रान्सेंडेंटल मेडिटेशनचंही (महर्षी महेश योगींच्या मंत्रध्यानाचंही) आहे, आणि स्पेन्सरच्या मठात त्या पद्धतीची ओळख करून देण्यात आली होती, हे लपलेलं नाही. टीकाकार इथे थांबतात आणि विजय जाहीर करतात. पण घड्याळ सारखं असणं हा पुरावा होत नाही. शब्दाला काय काम दिलं आहे ते पाहावं लागतं, आणि तिथे तीन वेगळे प्रकार दिसतात.

ट्रान्सेंडेंटल मेडिटेशनमध्ये मंत्राच्या अर्थाकडे लक्ष द्यायचंच नाही, तो ध्वनी म्हणून वापरायचा. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या येशू-प्रार्थनेत अर्थ हेच सर्वस्व आहे : 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर'. यात नाव आहे, विश्वासाची कबुली आहे, पश्चात्ताप आहे. लूक १८ मधला जकातदार आणि त्याच अध्यायातला आंधळा, दोघांचे उद्गार त्यात एकत्र आले आहेत. सेंटरिंग प्रेयर या दोहोंच्या मध्ये बसते. शब्द निवडताना अर्थ आहे, बैठकीत मात्र अर्थाकडे बघायचं नाही, केवळ हेतूची खूण म्हणून वापरायचा. मधल्या जागेत असल्यामुळेच तिच्याविषयी दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

येशू-प्रार्थनेवरही हाच वाद चौदाव्या शतकात झाला होता. श्वासाशी जोडून, मान खाली घालून प्रार्थना करणाऱ्या अ‍ॅथॉस पर्वतावरच्या संन्याशांना कालाब्रियाच्या बार्लामने 'बेंबीत आत्मा असलेले' म्हणून हिणवलं. ग्रेगरी पालामास यांनी त्यांची बाजू मांडली आणि १३४१ व १३५१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांत ती मान्य झाली. त्या वादातली कामाची गोष्ट ही : श्वास आणि आसन ही नवख्यासाठी टेकू आहेत, कृपा त्यातून निर्माण होत नाही. शिवाय हे सगळं अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली. आज मोबाइलवरचं अ‍ॅप लावून श्वासप्रार्थना करतात तिथे टेकू शिल्लक आहे, नजर गेली.

नगरी_बाणा

प्रोटेस्टंट बाजूने लिहितो, कारण तिकडे वाद वेगळ्या शब्दांत चालतो.

सुरुवात साधारण १९७८ पासून धरतात, जेव्हा क्वेकर (मौनात उपासना करणाऱ्या ख्रिस्ती) परंपरेतल्या रिचर्ड फॉस्टर यांचं आध्यात्मिक शिस्तींवरचं पुस्तक आलं आणि इव्हॅन्जेलिकल मंडळींत मौन, उपास, ध्यान हे शब्द परत रुळले. पुढे २००० च्या आसपास इमर्जिंग चर्च नावाच्या चळवळीने मेणबत्त्या, मूर्तिचित्रं, लेक्शिओ (शास्त्र सावकाश वाचत प्रार्थना), लॅबिरिंथ (प्रार्थना करत चालायची वळणावळणाची वाट) असं सगळं एकदम आणलं. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळींपर्यंत यातलं बरंचसं इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओंतून पोचतं.

दोन वचनं दोन्ही बाजूंनी चुकीची वापरली जातात.

स्तोत्र ४६:१०, 'शांत राहा, मी देव आहे हे जाणा'. ध्यानवर्गाच्या फलकावर हे हमखास असतं. मूळ हिब्रू क्रियापद 'राफा', म्हणजे हात सैल सोडणं, थांबणं. आदल्याच ओवीत देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, युद्धं बंद करतो. हा राष्ट्रांना दिलेला हुकूम आहे : पुरे, आता थांबा. डोळे मिटून २० मिनिटं बसण्याची सूचना त्यात नाही.

मत्तय ६:७, 'व्यर्थ बडबड करू नका'. हे टीकाकारांचं हत्यार. पण तिथला ग्रीक शब्द बडबडीवर, म्हणजे पुष्कळ बोललं की ऐकलं जाईल या समजुतीवर बोट ठेवतो. पुनरुक्तीच चुकीची मानली तर १३६वं स्तोत्र फाडावं लागेल, त्यात एकच पालुपद २६ वेळा येतं. आणि मत्तय २६:४४ नुसार गेथशेमनेत खुद्द येशूने तिसऱ्यांदा त्याच शब्दांत प्रार्थना केली. पुनरुक्ती केली म्हणून कुणाला मूर्तिपूजक ठरवणारी टीका शास्त्रापुढे टिकत नाही.

आता लेक्शिओ दिविना. हिच्यावर माझा राग जास्त आहे, कारण पद्धत चांगली आहे आणि ती बिघडवली जाते. बाराव्या शतकात ग्रांद शार्त्रूझ मठाचा प्रमुख दुसरा ग्विगो याने एका पत्रात शिडी मांडली : वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. पहिली पायरी म्हणजे उतारा काय म्हणतो हे बुद्धी लावून समजून घेणं. ती उडवली की उरतं काय? तरुणांच्या गटात आठ-दहा ओव्या तीनदा वाचतात आणि विचारतात, 'तुम्हांला कुठला शब्द चमकला?' यिर्मया २९:११ घेतला की प्रत्येकाला 'तुमच्या हिताचे संकल्प' हे शब्द चमकतात, नोकरीचं आणि लग्नाचं उत्तर मिळतं. आदल्या ओवीत बाबेलची ७० वर्षं आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत न येता तिथेच मरणार आहेत, हे कुणी वाचत नाही.

उपाय सोपा आहे. पहिली १५ मिनिटं उतारा कुणाला, कधी, कशासाठी लिहिला यावर घालवा, आधीचा आणि नंतरचा परिच्छेद मोठ्याने वाचा, मग मौन. शेवटी जे 'चमकलं' ते उताऱ्याच्या अर्थाला धरून आहे का, हे गटाने तिथेच विचारावं. वीस जणांचा गट असेल तर हे होत नाही. सहा-सात जण पुरेत.

वसईची_वाट

कॅथलिक चर्चने या विषयावर अधिकृतपणे काय म्हटलं, ते धाग्यात यायला हवं.

१५ ऑक्टोबर १९८९ ला, म्हणजे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत, आव्हिलाच्या तेरेजा यांच्या सणाच्या दिवशी, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने बिशपांना पत्र लिहिलं. प्रमुख होते कार्डिनल राट्झिंगर. त्यात झेन, ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन आणि योग यांचा उल्लेख आहे. अनेक जण ते पत्र 'बंदी' म्हणून पुढे ढकलतात, पण बंदी त्यात नाही. इतर धर्मांतलं उपयोगी ते घेता येईल, ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाऊ नये, अशी भूमिका आहे. खरा इशारा पुढे येतो : काही शारीरिक अभ्यासांतून शांतता, हलकेपणा, कधी प्रकाश आणि ऊब यांची जाणीव आपोआप होते, आणि तिलाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं ही मोठी चूक. जगणं त्या अनुभवाशी जुळत नसेल तर ते मानसिक बिघाडाकडेही नेऊ शकतं, असं पत्र म्हणतं.

या विषयाचा आपल्या मातीशी थेट संबंध आहे तो फादर अँथनी डिमेलो यांच्यामुळे. जन्म मुंबईचा, १९३१. येशूसंघी (जेझुइट). त्यांची साधना संस्था पुण्यात सुरू झाली आणि मग लोणावळ्याला गेली. १९७८ मधल्या 'साधना' पुस्तकात शरीराच्या संवेदना आणि श्वास यांकडे लक्ष देण्यापासून सुरुवात होते, पुढे कल्पनाचित्रं आणि मग भक्तीचे अभ्यास. त्या शेवटच्या भागात येशू-प्रार्थनाही आहे. १९८७ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले. २४ जून १९९८ ला त्याच मंडळाने सूचना काढली की सुरुवातीच्या लेखनात पौर्वात्य शहाणपणाचे ग्राह्य अंश आहेत, पण पुढे देव निराकार, व्यक्तिरूप नसलेला होत जातो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक. हा आक्षेप मुद्द्याचा आहे. पण तो त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी आला. उत्तर द्यायला माणूस नव्हता, आणि काही पुस्तकं तर मरणोत्तर निघालेली. टीका करताना कुठलं पुस्तक हे सांगितल्याशिवाय 'डिमेलो' एवढंच नाव फेकू नये.

टीकाकारांची आणखी एक गल्लत. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या 'अध्यात्मसाधने'तलं चिंतन (पोपची मान्यता १५४८) हे 'क्लाउड'च्या अगदी उलट आहे. तिथे बेथलेहेमची वाट किती लांब, गुहा केवढी, कोण काय बोलतंय, वास कसला, हे सगळं कल्पनेने भरायचं असतं. एकीकडे मन भरायचं, दुसरीकडे रिकामं करायचं; आणि दोन्हींना एकच 'गूढवाद' नावाची चिठ्ठी लावून एकाच पोत्यात टाकतात.

ग्रीष्मा

वाचतेय. माझा प्रश्न वारकरी घरातला आहे : मग नामस्मरण कुठल्या प्रकारात बसतं? आणि मराठी ख्रिस्ती परंपरेत त्याला जागा आहे का?

गवाक्ष

ग्रीष्माताई, नामस्मरणात नावाला रूप आहे. विटेवर उभा असलेला आहे, त्याच्याशी भांडण आहे, लाड आहेत. अर्थ बाजूला ठेवून ध्वनी घ्या असं वारकरी संत सांगत नाहीत, म्हणून रचनेने ते येशू-प्रार्थनेच्या जवळचं आहे. नाव कुणाचं, हा फरक अर्थातच दोन्ही बाजूंना मोठा वाटेल आणि तो वाटायलाच हवा.

मराठी ख्रिस्ती परंपरेत रेव्हरंड ना. वा. टिळक आहेतच. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी चर्चमध्ये आणलं आणि अमेरिकेत या पद्धती निघाल्या त्याच्या कितीतरी आधी, १९१९ मध्ये ते वारले. त्यांच्या अभंगात ख्रिस्त कधी पुसट होत नाही. 'पौर्वात्य म्हणजे ख्रिस्त पुसणारं' हे समीकरण तिथे मोडतं.

अंजनवेल

करिस्मॅटिक, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या मंडळींची, बाजू राहिली. तिथे गूढ अनुभव मौनातून येत नाही, गर्दीतून येतो.

टोरंटोच्या विमानतळाजवळच्या व्हिनयार्ड चर्चमध्ये २० जानेवारी १९९४ ला सुरू झालेली लाट : हसू, थरथर, जमिनीवर पडणं, काही ठिकाणी प्राण्यांसारखे आवाज. डिसेंबर १९९५ मध्ये खुद्द व्हिनयार्ड चळवळीने त्या चर्चशी संबंध तोडला. पुढे त्यातूनच 'सोकिंग' ही पद्धत पसरली : चादरीवर आडवं व्हायचं, मंद संगीत लावायचं, काही मागायचं नाही, 'भिजायचं'. थकलेल्या माणसाला झोप येते, हलकं वाटतं. वसईची_वाट यांनी सांगितलेला १९८९ चा इशारा इथे जसाच्या तसा लागू होतो.

बिघडतं कुठे? रांगेत उभं करतात, मागे धरायला माणूस ठेवतात, पुढचे पाच पडलेले दिसतात. सहाव्याला पडण्याची अपेक्षा आधीच कळलेली असते. मागचा माणूस काढून घ्या, लोकांना बसवून प्रार्थना करा, संगीत बंद करा, आणि किती जण पडतात ते बघा. पौलाने करिंथच्या मंडळीला मापच दिलंय (१ करिंथ १४:२७-२९) : अन्य भाषेत दोघं, फार तर तिघं, तेही एकामागून एक, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प, संदेश सांगणारे दोन-तीन, आणि बाकीच्यांनी पारख करायची. ही पारख करायला जागाच ठेवलेली नसते.

उलट केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे झालं तेही बाहेरून असंच दिसत होतं : रडणं, अंगात आग पेटल्याची जाणीव, एकदम मोठ्याने प्रार्थना. जिथून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली, त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. फरक त्यानंतर दिसतो. तिथला भर पापाच्या कबुलीवर होता आणि मुलींची पथकं आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेली. अनुभव किती जबर होता, यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

दीपस्तंभ

अंजनवेल, सहमत. मौनाच्या पद्धतींतही शरीर-मनाचा धोका आहे, तो मांडतो.

कीटिंग यांच्या शिकवणीत 'अचेतनाचं ओझं उतरणं' ही कल्पना आहे. रोज खोल विश्रांती मिळाली की दडपलेल्या भावना वर येतात, याला ते दैवी उपचार म्हणतात. अकारण रडू येणं, जुनी भीती, राग. शिकवण अशी की याकडेही 'विचार' म्हणून बघा, शब्दाकडे परता. रोजच्या २० मिनिटांत हे बहुतेकांना झेपतं. दहा दिवसांच्या मौन-रिट्रीटमध्ये दिवसाला कित्येक तास बसल्यावर, आघातातून गेलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. ध्यानाच्या त्रासदायक अनुभवांवर बौद्ध साधकांच्या मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा अनुभवांचे ५९ प्रकार नोंदले आहेत : झोप उडणं, भीती, 'मी'ची जाणीव विरणं. साधक बौद्ध होते, पण मेंदू ख्रिस्ती माणसाचाही तोच.

म्हणून कुठल्याही गटाने रिट्रीट ठेवताना आधी विचारावं : सध्या मानसिक आजाराचं औषध चालू आहे का, नुकतंच कुणी गेलंय का, पूर्वी घाबरण्याचे झटके आलेत का. हो असेल तर मौनाचे तास कमी, रोज एकदा एकट्याने भेट, आणि समुपदेशकाचा फोन हाताशी. झोप दोन रात्री उडाली तर बसणं थांबवायचं, चालायला आणि कामाला लावायचं. 'ही काळी रात्र आहे, सहन करा' हे उत्तर देऊ नये. योहानांची काळी रात्र (देव दूर गेल्यासारखा वाटणारा आत्म्याच्या शुद्धीचा काळ) आणि नैराश्य यांत गल्लत होते, आणि ते स्वतः उदासीच्या विकाराचा वेगळा उल्लेख करतात.

नगरी_बाणा

लॅबिरिंथविषयी दोन ओळी. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमधला साधारण १२०० सालचा, सुमारे १३ मीटर व्यासाचा, ११ फेऱ्यांचा, वाट अंदाजे २६० मीटर. आजची लाट सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधून १९९१ पासून. 'जेरुसलेमची यात्रा परवडत नसलेले लोक मध्ययुगात हा चालत' असं सर्वत्र सांगतात, त्याला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. चालण्यात धोका नाही, पण प्राचीन म्हणून विकू नये. एनिअ‍ॅग्रामचंही तेच : नऊ स्वभावप्रकारांची आजची मांडणी ऑस्कर इचाझो आणि क्लाउडिओ नारान्हो यांची, विसाव्या शतकातली. सुरुवातीच्या काळातल्या, वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या नावावर ती खपवतात.

ग्रीष्मा

मग मौन बसूच नये, असं म्हणायचंय का तुम्हा सगळ्यांना?

वसईची_वाट

नाही हो. तेरेजा यांच्या 'आंतरिक किल्ल्या'तल्या चौथ्या दालनाचा तिसरा अध्याय वाचा. विचार बळाने थांबवू पाहिलं तर मन जास्तच अस्वस्थ होतं, असं त्या स्पष्ट लिहितात. देवाने थांबवला तर थांबेल, तोवर बुद्धीला तिचं काम करू द्यावं. आणि आत्मचरित्राच्या २२व्या अध्यायात त्या आणखी ठाम आहेत : कितीही वर गेलात तरी ख्रिस्ताची मनुष्यता सोडू नका. हे त्यांना कुणा परधर्मीयाला उत्तर म्हणून लिहायचं नव्हतं. त्यांच्याच काळातली ख्रिस्ती पुस्तकं शरीरधारी सगळं बाजूला सारा असं शिकवत होती.

सुरुवात करायची तर दहा मिनिटं पुरेत. एक शुभवर्तमानातला प्रसंग आधी वाचून समजून घ्या, त्यातला येशू डोळ्यांपुढे ठेवा, बोलावंसं वाटलं तर बोला, बोलणं संपलं तर गप्प राहा. मन भरकटलं तर प्रसंगाकडे परत या.

दीपस्तंभ

यात एकच जोडतो. १६८७ मध्ये मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूंची ६८ विधानं रोमने दोषी ठरवली. आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावं, मोहालाही प्रतिकार करू नये, असं शिकवल्याचा ठपका होता. माझा आक्षेप त्याच वळणावर आहे, आणि सेंटरिंग प्रेयरचा बचाव करणाऱ्यांनी उत्तर द्यावं अशी मनापासून इच्छा आहे : त्या २० मिनिटांत शेजाऱ्याशी केलेला अन्याय आठवला, तर तोही 'विचार' म्हणून सोडायचा का? मत्तय ५:२४ मध्ये वेदीवरचं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, असं आहे.